मँडरिनवाले जळगावात कुठून आणायचे? नव्या संशोधकांसाठी मूळ भाषक शोधण्याची वाट

पहिल्या वर्षी मी वाक्यं वाचण्याच्या प्रयोगासाठी इंग्रजी आणि मँडरिन (चीनची प्रमाणभाषा) बोलत वाढलेले सहभागी शोधायला थेट फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गेले होते. हिशेब सोपा होता. अजिंठ्याला परदेशी पाहुणे येतात, त्यात इंग्रजीवाले असतात, तैवानकडचे बौद्ध यात्रेकरूही असतात आणि जळगावाहून बस मिळते. गेले तो नेमका सोमवार निघाला. सोमवारी लेणी बंद. दुसऱ्या खेपेला मंगळवार गाठला, तर मे महिन्याचं ऊन. गटासोबत आलेला माणूस बस सुटायच्या आत चाळीस मिनिटं लॅपटॉपसमोर बसेल ही आशाच वेडेपणाची होती. एक तैवानच्या बाई मात्र सावलीत टेकल्या आणि बोलल्या. मँडरिन तुमची मातृभाषा का, तर हो. मग आजीशी काय बोलायचात, असं सहज विचारलं. त्या हसल्या. आजीला मँडरिन येतच नव्हतं; शाळेत जाईपर्यंत घरात सगळं तैवानी.

दोन खेपांत हाती लागला तो एवढा एक प्रश्न, आजीचा. पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं राहिलं, म्हणून एम.ए.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. सुरू करणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे.

आधी काम काय ते

भाषा-आकलनाचा अभ्यास म्हणजे माणसाला वाक्य समजायला किती वेळ लागतो आणि तो कुठे अडखळतो ते मोजणं. सगळ्यात स्वस्त पद्धत अशी: पडद्यावर वाक्य एकेक शब्दाने उघडतं, वाचणारा स्पेसबार दाबत पुढे जातो, प्रत्येक शब्दाला लागलेला वेळ मिलिसेकंदांत नोंदला जातो आणि शेवटी वाक्यावर एक साधा प्रश्न येतो.

इंग्रजी आणि मँडरिनची जोडी लोक का निवडतात, ते मराठीतून पटकन कळतं. ‘मास्तरांनी शोधलेला पोरगा’ आणि ‘तो पोरगा, ज्याला मास्तरांनी शोधलं’ ही दोन्ही रूपं आपल्याकडे चालतात. मँडरिनमध्ये पहिल्यासारखीच रचना होते, वर्णन आधी आणि पोरगा नंतर. इंग्रजीत दुसऱ्यासारखी, पोरगा आधी. इंग्रजीत ‘ज्याने मास्तरांना शोधलं’ हे वाक्य ‘ज्याला मास्तरांनी शोधलं’पेक्षा सोपं जातं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मँडरिनमध्ये २००३ साली याच्या उलट निष्कर्ष आला आणि तेव्हापासून वाद चालू आहे. अशा वादात तुमचे चाळीसपैकी दहा ‘मँडरिनवाले’ मुळात दुसरीच भाषा बोलत वाढलेले असतील, तर तुमच्या आकड्यांना कोण विचारणार?

पायरी १: ‘मूळ भाषक’ म्हणजे कोण, ते कागदावर लिहा

माणसं गोळा करायच्या आधी लिहा. नंतर लिहिलं की आपण आलेल्या माणसांच्या मापाने व्याख्या शिवतो.

आपल्या गावापासून सुरुवात करते. जळगावच्या बाजारात एका कापडवाल्या दादांना विचारलं, घरी काय बोलता? ‘मराठी.’ पक्कं? ‘मराठीच की ताई, दुसरं काय?’ तेवढ्यात फोन वाजला आणि दादा म्हणाले, ‘हां माय, येस आते.’ ही अहिराणी. दादा खोटं बोलत नव्हते. बाहेरच्या माणसाने भाषा विचारली की शाळेतल्या भाषेचं नाव सांगायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या भाषागटात (अहिराणी त्यातच धरली जाते) नोंद झालेले सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. एकट्या जळगाव जिल्ह्याचीच लोकसंख्या तेव्हा ४२ लाखांवर होती, धुळे आणि नंदुरबार वेगळेच. जळगावात लेवा गणबोली बोलणारे आहेत, सातपुड्यात पावरी आणि भिलीवाले आहेत, सगळेच अहिराणीवाले नव्हेत हे मान्य. तरी माझा अंदाज असा की त्या कापडवाल्या दादांसारखे पुष्कळ जण ‘मराठी’च्या रकान्यात बसले आहेत.

हाच गोंधळ ‘चायनीज’ या शब्दात आहे, फक्त कैक पटींनी मोठा. ग्वांगतोंगमधला माणूस घरी कँटनीज बोलतो, शांघायचा वू बोलतो, फूच्येनचा मिन (तैवानी आणि होक्कियन ही तिचीच रूपं). शाळेत सगळे मँडरिन शिकतात, कारण १९५६ पासून चीनमध्ये तिचा प्रमाणभाषा म्हणून सरकारी प्रसार झाला. आणि अडचण अशी की लिहिण्याची प्रमाणभाषा सगळ्यांची एकच. कँटनीज घरातली मुलगीही तुमचं वाक्य घडाघडा वाचेल. नुसत्या वाचनावरून तिला ओळखता येणार नाही.

नावांचाही घोळ आहे. चीनमध्ये या भाषेला पुतोंगह्वा म्हणतात, तैवानमध्ये क्वोयू, सिंगापुरात ह्वायू. लिपी चीन आणि सिंगापुरात सोपी केलेली, तैवानमध्ये जुनी पारंपरिक. दोन्हीकडचे लोक घ्यायचे असतील तर वाक्यांचे दोन संच करा, नाहीतर एकच देश धरा. नवख्याने एकच धरावा.

इंग्रजीचं म्हणाल तर सगळ्यात आधी ‘इंग्लिश मीडियम’ बाजूला ठेवा. आपली पोरं पहिलीपासून इंग्रजीत शिकतात आणि अर्जावर बिनधास्त ‘पहिली भाषा: इंग्रजी’ लिहितात. २०११च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे साऱ्या देशात २ लाख ६० हजारांच्या आसपास होते, म्हणजे खानदेशीच्या सातवा हिस्सा. त्यांत खरेखुरे इंग्रजी घरात वाढलेलेही आहेत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच बोलली गेली. ती माणसं मूळ भाषकच. त्यांची इंग्रजी भारतीय आहे म्हणून त्यांना वगळायचं हा अडाणीपणा. वगळायचं असेल तर कारण वेगळं द्या: माझी वाक्यं ब्रिटिश इंग्रजीतली आहेत, म्हणून मला ब्रिटनमध्ये वाढलेले हवेत. हे चालतं.

माझ्या व्याख्येत शेवटी चार गोष्टी राहिल्या. शाळेत जाण्याआधी घरात ज्याने सांभाळलं त्याची भाषा. प्राथमिक शाळेचं माध्यम. गेली पाच वर्षं कुठल्या गावात राहणं. आणि आज दिवसभरात ती भाषा साधारण किती वेळ कानावर-जिभेवर असते. ‘मातृभाषा’ हा शब्द मी प्रश्नावलीतून काढूनच टाकला.

पायरी २: किती माणसं, किती पैसे

‘सगळे तीस घेतात म्हणून तीस’ हे उत्तर तोंडी परीक्षेत टिकत नाही. वेळ मोजणाऱ्या प्रयोगांसाठी २०१८ पासून एक ढोबळ माप बरंच वापरलं जातं: तुलनेच्या प्रत्येक प्रकारासाठी किमान १६०० नोंदी. म्हणजे ४० माणसांनी प्रत्येकी त्या प्रकारची ४० वाक्यं वाचली की झालं. एकाच माणसाने एकच वाक्य दोन रूपांत वाचू नये म्हणून वाक्यांच्या चार याद्या केल्या असतील तर माणसांची संख्या चारच्या पाढ्यात ठेवा आणि गळणारे धरून थोडी जास्त. मी प्रत्येक भाषेला ४८ धरले.

पैशाचं गणित याच वेळी करा. प्रोलिफिकसारख्या ऑनलाइन मंचावर सहभागीला तासाला किमान ६ पौंड द्यावे लागतात, वर मंचाचं कमिशन. ४८ जण, अर्धा तास, म्हणजे २४ तास, म्हणजे एका भाषेला निदान १४४ पौंड आणि कमिशन. पैसे परकीय चलनात, कार्डाने, आगाऊ भरायचे. ज्या कचेरीतून तुमची बिलं पास होतात तिथल्या माणसाला हे आधी समजावून सांगा. मी आधी पैसे भरले आणि पावती घेऊन गेले. ‘सहभागींच्या सह्या कुठे आहेत?’ या प्रश्नावर माझं बिल दीड महिना अडलं. सहभागी नावाने नसतात, क्रमांकाने असतात, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. शेवटी गाइडच्या सहीचं पत्र आणि मंचाने दिलेली क्रमांकांची यादी यावर गाडी सुटली. ते पत्र तुम्ही आधीच तयार ठेवा.

पायरी ३: नीती समितीची परवानगी

माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणारी संस्थेची समिती म्हणजे नीती समिती. तिची परवानगी हातात पडल्याशिवाय एकाही माणसाला वाक्य दाखवू नका, मैत्रिणीलासुद्धा नाही. समित्या ठरावीक वेळीच बसतात. दोन-तीन महिने गृहीत धरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं डोळ्यांखालून घाला, बहुतेक समित्या त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारतात. माणसांची माहिती ठेवण्याबाबत आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला जातो, म्हणून नवख्याने अठरा पूर्ण असलेलेच घ्यावेत. चीनमध्ये बसलेल्यांची माहिती घेणार असाल तर तिथला कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे आणि माहिती देशाबाहेर जाणार यासाठी वेगळी संमती मागतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नाव, पत्ता, फोन घ्यायचाच नाही. जे घेतलंच नाही ते हरवतही नाही.

संमतीपत्र सहभागीच्या भाषेत हवं आणि ते त्या भाषेत वाढलेल्या माणसाने लिहिलेलं हवं. यंत्राने केलेलं मँडरिन भाषांतर समोरच्याला पहिल्या ओळीतच कळतं, आणि ‘या लोकांना आपली भाषा येत नाही’ असं वाटलं की तो पुढची वाक्यंही तशाच नजरेने वाचतो.

पायरी ४: माणसं कुठे आहेत

इंग्रजीचं काम तुलनेने सरळ आहे. प्रोलिफिकवर पहिली भाषा आणि देश यांची चाळणी लावता येते. फक्त ध्यानात ठेवा, ती उत्तरं लोकांनी स्वतःच भरलेली असतात. कापडवाले दादा तिकडेही आहेत. दुसरा मोह म्हणजे ओळखीचे. आपल्याकडे हल्ली चौथ्या घरातलं कुणीतरी अमेरिकेत असतं. ‘ताई, माझ्या भाच्याला घे, तो तिकडेच जन्मला.’ भाच्याची इंग्रजी अस्सल असते, पण घरात आजी अहिराणीत ओरडत असते. तो दोन भाषांत वाढलेला आहे. अभ्यास तसल्या मुलांवर असेल तर सोनं, नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. मावशीचा राग दिवाळीपर्यंत टिकतो, हे सोसावं लागतं.

मँडरिनसाठी खरी पायपीट. मी ठेचा खाऊन शिकलेलं सांगते.

वुईचॅट हा चिनी माणसापर्यंत पोचायचा हमरस्ता, पण जून २०२० पासून भारतात त्यावर बंदी आहे. म्हणजे जळगावातून तुम्ही स्वतः तिथे जाहिरात टाकू शकत नाही. गुगलचे फॉर्म चीनमध्ये उघडत नाहीत. माझी पहिली प्रश्नावली गुगल फॉर्मवर होती. आठ दिवस एकही उत्तर आलं नाही आणि मी जाहिरातीचा मजकूर बदलत बसले होते. तेव्हा प्रयोग जिथे ठेवणार ते पान चीनमधून उघडतं का, हे तिथल्या एका माणसाकडून आधी तपासून घ्या. खरा उपाय म्हणजे तिथल्या विद्यापीठातला सहकारी. भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकांना आपल्या गाइडच्या ईमेलवरून, नेमक्या कामाचं, अर्ध्या पानाचं पत्र लिहा. दहांतले दोन उत्तर देतात, आणि दोन पुरतात. मात्र त्यांना फुकटचा हमाल समजू नका. निबंधात नाव कुणाचं आणि कितवं हे पहिल्या पत्रव्यवहारातच ठरवा.

कोलकात्याच्या टांगऱ्यात चिनी लोक राहतात, तिथे जाऊ का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. टांगऱ्यातली कुटुंबं प्रामुख्याने हक्का भाषा बोलणारी आहेत. दिल्ली किंवा अन्य विद्यापीठांतल्या चिनी विभागातले विद्यार्थी तर शिकणारेच. तिथे शिकवायला आलेले चिनी अध्यापक मात्र उपयोगी पडतात. स्वतः सहभागी म्हणून घेण्यापेक्षा वाक्यं तपासायला.

ब्रिटन-अमेरिकेत राहणारे मँडरिनवाले प्रोलिफिकवर मिळतात. त्यांना घेताना परदेशात किती वर्षं झाली ते विचाराच. पंधरा वर्षं इंग्रजीत संसार केलेल्या माणसाचं वाचन आणि काल विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याचं वाचन एका ढिगात टाकू नका.

वेळ सांभाळा. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि सगळ्या देशाचं घड्याळ एकच. आपण रात्री जेवून ‘आता बसू या’ म्हणतो तेव्हा तिकडे मध्यरात्र होत आलेली असते. वसंतोत्सवाच्या सुट्ट्या आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा सोडून द्या. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जसं कुणी कामाचं बोलत नाही, तसंच.

पायरी ५: जाहिरात

‘मँडरिनचे मूळ भाषक पाहिजेत’ असं लिहिलं की पैशाची गरज असलेला प्रत्येक जण मूळ भाषक होतो. जाहिरातीत काय करायचं, किती वेळ लागेल, किती मानधन, लॅपटॉप लागेल की मोबाइल चालेल एवढंच लिहा. पहिल्या प्रश्नावलीत भाषेबद्दल मोकळे प्रश्न ठेवा, कुठल्या उत्तराला निवड होते ते दिसू देऊ नका. या प्रश्नावलीचेही थोडे पैसे द्या; नाकारलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणं बरं नव्हे.

अभ्यास नेमका कशाचा ते आधी सांगू नये. ‘वाक्यं वाचण्याचा अभ्यास’ पुरे. ‘वर्णन आधी की नंतर’ हे कळलेला माणूस तेच शोधत वाचतो. काम संपल्यावर मात्र सगळं सांगा, लोकांना आवडतं.

पायरी ६: चाळणी

इथे घाई केलीत की बाकी सगळं वाया.

पहिली चाळणी भाषेच्या इतिहासाची. यासाठी २००७ साली प्रसिद्ध झालेली लीप-क्यू नावाची प्रश्नावली आहे. कुठली भाषा कितव्या वर्षी, कुठे, कुणाकडून, किती वेळ असं सगळं ती विचारते. पूर्ण वापरायला लांब वाटली तर तिच्यातले निवडक प्रश्न घ्या आणि त्यात आजीचा घाला.

दुसरी चाळणी शब्दांची. इंग्रजीसाठी लेक्सटेल ही पाच मिनिटांची चाचणी आहे: ६० शब्द, त्यांतले ४० खरे आणि २० बनावट, खरा कुठला ते सांगायचं. ती मुळात इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली आहे, म्हणून मूळ भाषकाला जवळपास पैकीच्या पैकी मिळायला हवेत. कुणी लडखडला तर त्याचा बाकीचा फॉर्म पुन्हा वाचा. लगेच काढू नका, कदाचित पोरगं मांडीवर घेऊन बसला असेल.

तिसरी चाळणी मला सगळ्यात भरवशाची वाटते: एक मिनिट बोलायला लावा. एखादं चित्र द्या, बाजाराचं, स्वयंपाकघराचं, आणि त्याबद्दल आवाज नोंदवून घ्या. मँडरिनमध्ये चार सूर आहेत, शिवाय एक हलका. तिथे वाढलेला माणूस अर्ध्या मिनिटात ओळखतो की बोलणारा कुठल्या भागातला. हे ओळखायला तुम्ही नव्हे, तो तिथला सहकारी बसवा. मी अहिराणीच्या चाळणीला असंच करते. ‘तुम्हनं गाव कोनतं शे?’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. बागलाणकडचा, धुळ्याचा, लेवा पाटलाचा, पहिल्या दोन वाक्यांत कळतो. आवाजाची नोंद ही ओळख पटवणारी गोष्ट आहे, तेव्हा संमतीपत्रात तिचा वेगळा उल्लेख हवा आणि चाळणी संपल्यावर ती पुसायची.

अहिराणीची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगून ठेवते. कुणी इंग्रजी-मँडरिनच्या जोडीला अहिराणी घेणार असेल तर वाचनाचा प्रयोग करू नका. अहिराणी बोलणारे लोक मराठी वाचतात. अहिराणी छापील बघायची सवयच फार थोड्यांना. ती ओळ ते आधी मनात उच्चारून बघतात आणि मग समजतात, तुमच्या मिलिसेकंदांत तेच मोजलं जातं. तिथे ऐकण्याचा प्रयोग ठेवावा. माणसं मिळवायला आखाजीचे दिवस उत्तम, माहेरवाशिणी गावात असतात आणि झोक्यावर बोलायला मोकळ्या. कपाशी वेचणीच्या हंगामात मात्र कुणाच्या दारात जाऊ नका.

पायरी ७: प्रत्यक्ष दिवस

आधी पाच जणांवर पायलट. त्यांचे आकडे मुख्य अभ्यासात मिसळू नयेत. पायलटमध्ये बहुतेक वेळा सूचनाच कळत नाहीत असं निघतं, वाक्यं ठीक असतात.

स्पेसबारचा प्रयोग मोबाइलवर करू देऊ नका. प्रत्येक वाक्यामागे आकलनाचा प्रश्न ठेवा आणि किती प्रश्न चुकले की माणूस वगळायचा ते आधीच लिहून ठेवा. स्पेसबार धडाधड दाबत सुटणारा भेटतोच. त्याच्या शब्दांना लागलेले वेळ सगळे सारखे दिसतात. इकडे प्रयोगशाळेत करणार असाल तर यूपीएस असलेली खोली धरा. एप्रिलमध्ये जळगावात दुपारी दोनला वीज गेली आणि पंखा थांबला, तर त्या माणसाची पुढची वाक्यं भाषेबद्दल काही सांगत नाहीत.

पायरी ८: नंतर

मानधन त्याच आठवड्यात द्या. चुकीमुळे बाद झालेल्यालाही, तुमच्या प्रोग्रॅमच्या चुकीमुळे बाद झालेल्याला तर आधी.

आणि एक वही ठेवा, संगणकातली फाइल चालेल. किती जणांनी प्रश्नावली भरली, किती गाळले, प्रत्येकाचं कारण काय. ‘क्रमांक १७: पाचव्या वर्षापर्यंत होक्कियन.’ ‘क्रमांक २३: अकरा वर्षं लंडनमध्ये.’ निबंधात हे आकडे द्यावे लागतात. माझ्या वहीतली सगळ्यात पहिली नोंद क्रमांकाशिवायच आहे, कारण तेव्हा परवानगीच आलेली नव्हती: ‘फर्दापूर, मंगळवार. घरात तैवानी. घेता येणार नाहीत. पाण्याची बाटली आपली त्यांना दिली.’